गरम हवेचे तीन अंश

“अनुभवातून, सर.”

एवढंच म्हणाला होता तो. आवाजात ना घाई, ना चाचरणं. पितळेच्या घंटेला नखाने टिचकी मारावी तसा स्वच्छ, गोल आवाज. कॉलेजांच्या रेसगाड्यांची स्पर्धा, मैदानावर पांढरं ऊन, समोर परीक्षक. परीक्षकांच्या हातात इंजिनच्या मॅपचा, म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्या तक्त्याचा, छापील कागद, कागदावर चौकटीच चौकटी, आणि एका कडेला, गरम हवेच्या रकान्यांत, बाकीच्या आकड्यांच्या रांगेतून उठून दिसणारे ते तीन अंश. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. हे इथे का वाढवलेत, म्हणाले. साधा प्रश्न. सुहासला उत्तर माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं ती त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, पेट्रोलचं नरसाळं धरून उभी होती. बोलायचं ते कॅप्टनने, असा स्पर्धेचा नियम. पण मान वळवायला नियमाची आडकाठी नव्हती. नुसती मान वळली असती, डोळ्यांनी ‘सांग’ म्हटलं असतं, तरी यामिनी पुढे झाली असती. ती वाट बघत राहिली. त्याच्या कॉलरच्या आत घामाची एक रेघ उतरत होती, ती तिने पार दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. मान वळली नाही. परीक्षकांनी समाधानाने कागद उलटला, आणि नरसाळ्याच्या टोकाशी राहिलेला पेट्रोलचा थेंब तिच्या मनगटावर पडून, गार लागून, उडून गेला.

“तीनच अंश हो ताई. त्येच्या वर न्हाई.” करण म्हणाला, आणि नगरच्या सावेडीतल्या तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कितीतरी वर्षांनी, मे महिन्याच्या दुपारी, यामिनीच्या मनगटाला पुन्हा तसाच गारवा लागला. तिने हात पाठीमागे घेतला. करण घोडेगावचा. बाजाराच्या दिवशी म्हशींचे सौदे जमवून देणारा, पस्तिशीचा, गळ्यात उपरणं आणि पायात महागाचे बूट. त्याची छोटी टर्बो गाडी शेडमध्ये तोंड वासून उभी होती आणि तिचा पिस्टन टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेला होता. पिस्टनच्या कडेचा टवका उडाला होता. उसाच्या कांड्याला दाताने चावा घ्यावा तसा. “म्हशीचं दात बघून मी वय सांगतो,” करण म्हणाला, “पन ह्येचं दात पडल्यावर कळलं मला. लई पळायची हो. पळायची तवर पळली.” तो हसला. यामिनी हसली नाही. कुठून आणले हे तीन अंश, तिने विचारलं, जरी विचारण्याआधीच उत्तर तिच्या जिभेवर लिमलेटच्या गोळीसारखं विरघळायला लागलं होतं. “सुहास सरांच्या व्हिडिओतून. ‘नवशिक्यांसाठी टर्बो’. तुमी बघत न्हाई व्हय?”

ती बघत होती. पहिल्यापासून प्रत्येक. जेवणाचं ताट मांडीवर घेऊन, मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून. सुहास सांगायचा छान. इंजिनला तीनच गोष्टी लागतात मित्रांनो, हवा, पेट्रोल आणि ठिणगी. टर्बो म्हणजे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त तर ताकद जास्त. पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत ठिणगी जरा लवकर पडली तर जाळ वेडावाकडा उसळतो, पिस्टनवर आतून घणाचे घाव बसतात. त्यालाच नॉकिंग म्हणायचं. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हवा गरम झाली की ठिणगी आपणहून मागे घेतो, उशिरा पाडतो. इथपर्यंत सगळं खरं. इथपर्यंत ती घास चावत ऐकायची. मग तो बोट वर करायचा. आता माझा एक नुस्खा, म्हणायचा. कंपन्या फार भित्र्या असतात. गरम हवेच्या रकान्यांत तीन अंश परत वाढवा, म्हणजे ठिणगी तेवढी लवकर पडेल. नॉकचा सेन्सर उगाच ओरडेल, त्याला थोडा बहिरा करा. कुणी खाली कॉमेंटमध्ये विचारलं, तीनच का, तर हसून म्हणायचा, बरीच वर्षं गाड्यांत घालवल्यावर कळतं. यामिनीचा घास तोंडात तसाच राहायचा. आणि घशाच्या खाली, जिथे भूक असते त्याच्याही खाली, काहीतरी उबदार हलायचं. बोल, ती मनात म्हणायची. बोल बाबा. आणखी बोल.

कारण ते तीन अंश कुठून आले हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. कॉलेजच्या त्या गाडीत जागाच नव्हती. भंगारातून आणलेला टर्बो, घरी वाकवलेले पाइप, आणि हवेचं तापमान मोजणारा सेन्सर बसवायला एकच भोक उरलेलं, तेही टर्बोच्या लालबुंद पोटाला खेटून. सेन्सर शेजारच्या लोखंडाने तापायचा आणि सांगायचा, हवा तापली. हवा गारच असायची. ईसीयू बिचारा त्याच्यावर विश्वास ठेवून ठिणगी मागे घ्यायचा, गाडी मरगळायची. कितीतरी दुपारी यामिनी त्या गाडीशेजारी उकिडवी बसून होती, एक हात पाइपवर, एक हात सेन्सरवर, आजारी लेकराचं कपाळ आणि पोट आळीपाळीने बघावं तशी. पाइप गार, सेन्सर गरम. खोटं कोण बोलतंय ते तिच्या तळहातांना कळलं. त्या खोट्यापुरते तिने तीन अंश परत दिले. त्या एका गाडीला, त्या एका भोकापायी. ज्या गाडीचा सेन्सर खरं बोलतो तिला ते द्यायचे म्हणजे ताप नसलेल्या माणसाला तापाचं औषध द्यायचं. सुहासला तिने हे सांगितलं नव्हतं. सांगायचं होतं, तो विचारील तेव्हा. त्याने मॅप पाहिला, गाडी पळवली, उतरून तिच्या पाठीवर थाप मारली, “मस्त झालंय,” म्हणाला, आणि तिला वाटलं, आता विचारील. पाठीवरची ती थाप तिला अजून कधीकधी कपडे वाळत घालताना जाणवते. स्पर्धेत बक्षीस मिळालं, त्या बक्षिसावर सुहासला पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली, मुलाखतीत त्यांनी त्या मॅपचंच विचारलं असं त्याने पेढे देताना सगळ्यांना सांगितलं. तिलाही पेढा दिला. कंदी होता. तिने तो खाल्ला, हे तिला सगळ्यात जास्त बोचतं.

आईला माहेरच्या ओव्या यायच्या. ती कुकरच्या शिटीलाही ओवी जोडायची. आई गेली, पण जोडायची खोड यामिनीत राहिली. लॅपटॉपवर रकाने भरताना तिच्या ओठांत आपसूक काहीतरी चालू असायचं, गिऱ्हाइकाला वाटायचं आकडे मोजतेय.

वारा कोंडिला गं बाई, लोखंडाच्या उंबऱ्यात
दिवा लाविला मी त्याला, उजेड दुज्या दारात

ही जुनी. तिला नोकरी नाकारली गेली त्या उन्हाळ्यातली. त्यानंतर तिने एमआयडीसीत डिझेल पंपांच्या दुकानात काम केलं, मग वडिलांच्या बंगल्यामागे हे शेड टाकलं, आता पार नाशिकहून गाड्या येतात. म्हणजे वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. तीही म्हणत नाही. सुहासने व्हिडिओ सुरू केले आणि पहिल्यांदा ते बोट वर केलं, त्या दिवशी मात्र नवी ओवी सुचली, आणि तिची गोडी अशी की ती पोळ्या लाटताना, पाना फिरवताना, स्कूटरवर प्रोफेसर कॉलनीच्या चौकात थांबलेली असताना जिभेवर यायची.

वैरी माझा गोड बोले, साखरेची त्याची वाणी
उसाखाली निजे नाग, त्याला पाजिते मी पाणी

काही करायचं नव्हतं. तेच तर त्यातलं सुख. कुणी कुणाचा काटा काढतो तेव्हा हात माखतात. इथे हात स्वच्छ, ओठ मिटलेले, आणि तो आपणच आपल्या पायाशी खणत चाललेला. फक्त बोलायचं नाही. एवढं एक तर तिला कॉलेजपासून येतच होतं.

“मग काय म्हनता ताई?” करण विचारत होता. “सरांचं चुकलं का माझं?” त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती, गाडीची नव्हे. आवडत्या माणसाबद्दल वाईट ऐकावं लागेल की काय याची. यामिनीने पिस्टन उचलला. टवका उडालेली कडा अंगठ्याला धारदार लागली. “ऊन फार होतं,” ती म्हणाली. “पेट्रोलही धड नसेल. सांगता येत नाही.” करणने सुस्कारा टाकला. “म्हंजे सरांचं न्हाई. बरं झालं. मी आपला सरांना बोल लावत बसलो हुतो मनात.” आणि मग उपरण्याने मान पुसत, “रविवारी येनार हायती सर. कोल्हारच्या अलीकडं त्यो नवा रस्ता, अजून चालू न्हाई केलेला, तिथं आमी सगळी पोरं जमनार. सर सवताची नवी गाडी घिऊन. तीन अंश टाकून पळवून दाखवनार, भर उन्हात. व्हिडिओ मीच काढनार हाय. तुमी बी या की.” ती पिस्टन खाली ठेवायला विसरली. स्वतःची गाडी. भर उन्हात. सगळ्यांदेखत. तिने काही मागितलं नव्हतं. ताटात आपोआप वाढलं गेलं होतं. “येते,” ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका मऊ का आला याचं तिलाच नवल वाटलं.

वडिलांना रात्री जेवताना कळलं. शामकांत वैद्यांनी सगळा जन्म शाळेत गणित शिकवलं. आता ते फक्त वरणभातावर प्रमेय मांडतात. “सुहास येतोय? तो गोरा, घाऱ्या डोळ्यांचा? जेवायला बोलव त्याला. तुझ्या आईच्या हातचं थालीपीठ खाऊन गेला होता.” यामिनी म्हणाली, त्याला वेळ नसेल. “विचारलंस का?” ते म्हणाले. “न विचारताच उत्तर धरून चालायची तुझी सवय जाणार नाही.” ती ताट उचलून उठली. बेसिनशी उभी राहून तिने नळ जोरात सोडला. विचारायचं मी? का म्हणून मी? पाण्याच्या आवाजात ते दोन प्रश्न कितीतरी वेळ भांड्यांवर आपटत राहिले. आणि त्यांच्याखाली, बारीक, वेगळंच काहीतरी सलत होतं. दुपारी करणच्या तोंडावरचा तो सुटकेचा सुस्कारा. सरांचं न्हाई. बरं झालं. ते वाक्य तिने स्वतः हाताने त्याच्या पदरात घातलं होतं.

रविवारी नव्या रस्त्याच्या कडेला बाभळीखाली दहाबारा गाड्या लागल्या होत्या. प्रवरेच्या बाजूने वारा येत होता पण तोही चुलीपुढून उठून आल्यासारखा. दोन्हीकडे ऊस, आणि मध्ये काळाभोर, कुणी न वापरलेला रस्ता, वर हवा थरथरतेय. सुहास तिला लांबूनच दिसला. कानाशी पिकलेला, पोट जरासं सुटलेलं, हसताना डोळे अजून तसेच बारीक होणारे. सगळ्यांना तो लिंबू-सरबताच्या बाटल्या वाटत होता, कुणी उन्हात उभं असेल त्याला ओढून सावलीत आणत होता. तिला द्वेष करायला सोपा माणूस हवा होता. “यामिनी,” तो ओरडला, खऱ्या आनंदाने, आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. “अगं, नगरमध्येच असतेस ना तू? वैद्य सर कसे आहेत? त्यांच्याकडचं थालीपीठ आठवतं मला.” आणि पोरांकडे वळून, “ह्या आमच्या टीममध्ये होत्या बरं का. फार मेहनती. पेट्रोलचा, टायरचा, सगळा हिशोब ह्यांच्याकडे असायचा.” पोरांनी आदराने माना हलवल्या. करण म्हणाला, “ताई लई मोठ्या हायती सर, माझी गाडी त्येंच्याकडंच हाय.” “असणारच,” सुहास म्हणाला, “तालीम कुणाकडची?” सगळे हसले. तोही हसला, गमतीने, कुठलाच काटा न ठेवता. यामिनीच्या लक्षात आलं की त्याने काही लपवलेलं नाही. त्याला खरंच आठवत नाही. एवढी वर्षं ती ज्या दारात पहारा देत उभी होती त्या दाराच्या आत कुणी नव्हतं. आणि का कोण जाणे, यानेच तिचा राग असा गार, असा टोकदार झाला की तिला तो हाताने चाचपता आला असता.

“तूच बस ना बाजूला,” सुहास म्हणाला. “लॅपटॉप धर. कुणीतरी बघायला हवं.” ती बसली. मागच्या सीटवर करण, मोबाईल पुढे धरून. गाडीत नव्या प्लास्टिकचा वास. मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर रेघा. लाल रेघ ठिणगीची, निळी हवेच्या तापमानाची. निळी वर होती, आणि ह्या वेळी ती खरं बोलत होती. सुहासने कॅमेऱ्याकडे बघून दोन शब्द सांगितले, गिअर टाकला, आणि पाय दाबला. टर्बोची शिटी उठली, पाठ सीटला चिकटली, दोन्हीकडचा ऊस हिरव्या चिखलासारखा मागे वाहू लागला. आणि त्या सगळ्या गदारोळाच्या तळाशी तिला ते ऐकू आलं. बारीक, कोरडं. पत्र्याच्या डब्यात कुणी हरभरे टाकतंय. सुहासला आलं नाही. त्याने सेन्सरबरोबर स्वतःचेही कान बंद करून टाकले होते. रस्ता संपत आला, त्याने पाय काढला. “कसं दिसतंय?” “छान,” यामिनी म्हणाली. मोबाईलमध्ये तो शब्द नोंदला गेला. सुहासने गाडी वळवली. “आता परत जाताना पूर्ण दाबतो. शेवटपर्यंत.” तिच्या तोंडाला पाणी सुटलं, खरोखर सुटलं, चिंचेच्या आठवणीने सुटावं तसं. हा एक फेरा. इंजिन तापलेलं, हवा आधीपेक्षा गरम. शेवटपर्यंत दाबलं तर ते टिकणार नाही. धूर निघेल, गाडी खोकत थांबेल, पोरं धावत येतील. तिने डोळे मिटून ते नीट बघायचं ठरवलं. आधी धूर. मग सुहासचा चेहरा. मग पोरं. पोरं वाकून बघतायत, कुणी पाणी आणतंय. कुणी म्हणतंय, ऊनच केवढं आहे. कुणी म्हणतंय, पेट्रोल, आजकाल पेट्रोलच असलं. करण म्हणतोय, ताई पन त्येच म्हनल्या हुत्या. आणि सुहास मान हलवतोय, हसतोय, असं होतं मित्रांनो, यातूनच शिकायचं, आणि पुढच्या आठवड्यात तो बोट वर करून हाही एक अनुभव सांगतोय, आणि तीन अंश तिथेच आहेत, त्याच रकान्यात, त्याच्याच नावावर, आणखी थोडे पक्के. तिने डोळे उघडले. पुन्हा मिटून दुसरं काही बघायचा प्रयत्न केला. चित्र तेच आलं. फुटलं तर इंजिन त्याचं फुटणार होतं. त्यातही ती कुठे नव्हती.

गाडीने वेग घेतला होता. शिटी चढत होती. हरभरे पडायला लागले, आता दाट, आता मूठमूठ. आवाज तिच्या तळपायांतून वर येत होता आणि त्याबरोबर एक राग, जो आजवर कधीच वर आला नव्हता, कारण तिने त्याला जपून, पाणी घालून, अंधारात निजवून ठेवलं होतं. तो त्या इंजिनसाठी नव्हता, करणसाठीही नव्हता. दयेचा त्यात थेंब नव्हता. तिला फक्त हवं होतं की ह्या माणसाला कळावं. कळावं आणि त्याला ते आयुष्यभर विसरता येऊ नये.

“पाय काढ,” ती म्हणाली.

“काय?”

“सुहास, पाय काढ.”

लॅपटॉप जिच्या मांडीवर तिचं चालवणाऱ्याने ऐकायचं, ही सवय अजून त्याच्या अंगात होती. पाय निघाला. शिटी उतरली, ऊस पुन्हा ऊस झाला, गाडी रस्त्याच्या मध्यावर येऊन थांबली. सुहासने तिच्याकडे पाहिलं. “काय झालं गं? रेघ तर सरळ होती.” मागे करण मोबाईल खाली घ्यायला लागला. “राहू दे,” यामिनी त्याला म्हणाली, “धरून ठेव तसाच. हे दिसायला पाहिजे.” तिने लॅपटॉप मिटला.

“हिला नॉकिंग होतंय. करणच्या गाडीला तेच झालं होतं. करण, ऊन नव्हतं ते, पेट्रोलही नव्हतं. मी तुझ्याशी खोटं बोलले.” करणच्या तोंडून नुसतं “आं” निघालं. ती सुहासकडे वळली. “आपल्या गाडीत हवेचा सेन्सर टर्बोला चिकटून होता. दुसरीकडे भोकच नव्हतं. तो खोटं सांगायचा. हवा गार असताना गरम म्हणायचा. ते खोटं भरून काढायला तीन अंश होते. त्या एका गाडीपुरते. बाकी कुठल्याही गाडीत घातले की पिस्टन फुटतो, आणि तू ते सगळ्या महाराष्ट्राला शिकवत बसलायस.”

सुहासचे हात स्टिअरिंगवर होते. चेहऱ्यावरचं हसू जायची वाट न सापडल्यासारखं तिथेच रेंगाळत होतं. “पण तुला कसं...” तो म्हणाला, आणि मध्येच थांबला. कुठेतरी, फार मागे, काहीतरी त्याला दिसायला लागलं असावं. तो पुढे काय म्हणेल ते ऐकायला ती थांबली नाही.

“मला कसं माहीत म्हणजे? तो मॅप मी केला होता, सुहास. ते तीन अंश मी टाकले होते. का टाकले, हे तू मला एकदासुद्धा विचारलं नाहीस.”